तसबिरीचा घोटाळा: माँट्रियल शाखा

माँट्रियल,
रविवार, सकाळ

ती. नाना व ती. माई यांस,


परवा फोनवर नानांनी विचारलं, "अगं, तू तिथे शिकवतेस तरी काय? दुसऱ्या मजल्यावरचे रोज विचारतात आणि मला धड सांगता येत नाही." मी सांगायला तोंड उघडलं आणि तुमच्या खिडकीखाली एका कंटेनरने हॉर्न दिला. त्याचं ऐकून त्याच्या मागच्याने दिला. मग त्याच्या मागच्याने. जेएनपीटीचा अर्धा माल मुंब्रा बायपासच्या रांगेत उभा राहून आपलं बोलणं ऐकत होता. शेवटी नाना "बरं बरं, छान" म्हणाले, म्हणजे काहीही ऐकू आलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र. माईंनी मोठ्याने वाचावं, नानांनी मध्ये बोलू नये.

शेजाऱ्यांना सांगायचं ते असं: मी माँट्रियलच्या मुलांना इंग्रजी नाटकं शिकवते आणि शीळफाट्याच्या मुलांना फ्रेंच. ते म्हणतील, "आजोबा, उलटं सांगताय." उलटं नाही, बरोबर आहे. जिथे जे फुकट कानावर पडतं, तिथे त्याची शिकवणी कोण लावणार?

इथे क्वेबेक प्रांतात १९७७ साली एक कायदा झाला. त्याला सगळे '१०१ नंबरचा' म्हणतात. बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी, थोडे अपवाद सोडले तर, सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकायचं. डोंबिवलीत असताना 'मराठी शाळा वाचवा'चे मेसेज पहाटे पाचला पुढे ढकलणारी मंडळी इथे आली की या कायद्याला सगळ्यात जास्त नावं ठेवतात. भाषा टिकावी असं प्रत्येकालाच वाटतं. फक्त ती दुसऱ्याच्या मुलांनी टिकवावी. तुमचा नातू मात्र मजेत आहे. गणित, भूगोल, भांडण सगळं फ्रेंचमधून करतो आणि घरी येऊन माझे उच्चार सुधारतो. मी शिकले ते पुस्तकातलं, पॅरिसचं फ्रेंच. बसमध्ये मी तोंड उघडलं की लोक वळून बघतात. सदाशिव पेठेतल्या माणसाने मालवणच्या बाजारात बांगड्याचा भाव विचारावा, तसं काहीतरी होतं.

आणि तेही फ्रेंच मी काही साहित्याच्या ओढीने घेतलं नव्हतं. अकरावीला मराठीत मार्क पडत नाहीत आणि फ्रेंचमध्ये पडतात, एवढंच तेव्हा डोंबिवलीत सर्वांना ठाऊक होतं. आपल्याकडे फ्रेंच टिकून आहे ते बारावीच्या टक्क्यांवर. फ्रान्स सरकारला हे एकदा कोणीतरी कळवायला हवं.

आता इथल्या धंद्याचं गणित सांगते, कारण फी किती घेतेस हा नानांचा पुढचा प्रश्न असणार. इथे अकरावीपर्यंत शाळा, मग दोन वर्षांचं सेजेप, म्हणजे आपलं ज्युनियर कॉलेज म्हणा. फ्रेंच सेजेपमधून बाहेर पडायचं तर साडेचार तास बसून साहित्यावर नऊशे शब्दांचा निबंध लिहावा लागतो आणि त्यातल्या भाषेच्या चुका परीक्षक एकेक करून मोजतो. हे कळलं की आपले पालक मुलांना इंग्रजी सेजेपकडे वळवतात. तिथे दारात शेक्सपिअर उभा असतो. मग रात्री साडेनऊला मला फोन येतो: "ताई, सहज केला होता." सहज केलेले सगळे फोन शेवटी मॅक्बेथवर येतात.

एका पालकाने विचारलं, नाटकाचा भाग गाळला तर फी कमी होईल का? मी त्यांना इथलीच गोष्ट सांगितली. १६९४ साली क्वेबेकचा गव्हर्नर फ्रोंतनाक मोलिएरचं 'तार्त्युफ' करणार अशी आवई उठली. ढोंगी धार्मिकाची टिंगल करणारं नाटक ते. खुद्द फ्रान्समध्ये पाच वर्षं बंदीत होतं. इथल्या बिशपसाहेबांनी गव्हर्नरला गाठलं, शंभर पिस्तोल मोजून दिले आणि नाटक थांबवलं. पिस्तोल म्हणजे तेव्हाचं नाणं, दचकू नका. नाटक न करण्याबद्दल मानधन मिळाल्याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं उदाहरण. आपल्याकडच्या काही हौशी संस्थांना ही योजना आजही लागू करण्यासारखी आहे. (नाना, तुमची संस्था नव्हे.) तर त्या पालकांना म्हटलं, नाटक गाळायचं असेल तर दर वाढेल.

शीळफाट्याची बॅच म्हणजे आपल्या हॉलमध्ये चटईवर बसायची तीच मुलं. आता ती पडद्यावर बसतात. तुमचे संध्याकाळचे साडेसहा, इथले सकाळचे नऊ. इथे थंडीत घड्याळ मागे केलं की आठ. निम्मी मुलं शाळेतली तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली, काही आयसीएसईची, त्यांना शेक्सपिअरही असतो. शिकवणीचे नियम जुनेच आहेत. "मॅडम, लाइट गेली" हे कारण एका महिन्यात एका विद्यार्थ्याला एकदाच. भाषांतराचं एक पान होत नाही म्हणणाऱ्याला मी आगरकर सांगते: माणसाने डोंगरीच्या तुरुंगात बसून हॅम्लेटला हात घातला, १८८३ साली त्याचं 'विकारविलसित' छापून आलं, आणि तुला पंख्याखाली बसून दहा ओळी जड जातात? यावर एका चिरंजीवांनी उत्तर दिलं, "मॅडम, त्यांना तुरुंगात नेटवर्क नव्हतं ना." काय बोलणार?

उच्चारांचा तास तर तुम्ही बघायलाच हवा. मोलिएरचं १६७० सालचं एक नाटक आहे. कापडवाल्याचा मुलगा, खूप पैसा झालेला, नाव झुर्दँ. त्याला खानदानी व्हायचं असतं म्हणून तो घरी शिकवण्या लावतो. गाण्याचा मास्तर, नाचाचा मास्तर, तलवारीचा मास्तर. प्रत्येकजण म्हणतो माझीच विद्या श्रेष्ठ, आणि तिघे हमरीतुमरीवर येतात. तेवढ्यात तत्त्वज्ञानाचा मास्तर येतो, राग आवरावा यावर प्रवचन देतो, आणि तिघांनी त्याच्या तोंडावरही आपापलीच विद्या श्रेष्ठ म्हणताच सगळ्यांच्या अंगावर धावून जातो. मारामारी आटोपून, कपडे सारखे करून, परत येऊन तो झुर्दँला शिकवतो काय? स्वर. तोंड किती उघडलं की 'आ', जबडा किती मिटला की 'ए'. आणि झुर्दँ आनंदाने वेडा होतो, की इतकी वर्षं हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही! शिकवणी घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रवेश वर्षातून एकदा वाचावा. मला वाचावा लागत नाही, मी तो दर शनिवारी करते. फ्रेंच 'उ'साठी ओठांचा चंबू करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं. मागच्या आठवड्यात सगळा पडदा चंबूंनी भरला होता. एका मुलीच्या मागून तिची आजी आली, नातीचं तोंड बघितलं, काही न बोलता आत गेली आणि लवंग घेऊन आली. दाढेत धर म्हणाली.

आता मुख्य गोष्ट. माई, पाणी प्यायचं असेल तर इथे प्या.

नाना, तुम्ही ऑफिसच्या संमेलनात भादव्या केलात ते 'संशयकल्लोळ' आलं कुठून, ठाऊक आहे? तुम्ही म्हणाल देवलांचं. आहेच देवलांचं. पण त्या तसबिरीचा प्रवास बघा. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएरने एक छोटं पद्यनाटक केलं, एकाच अंकाचं, 'स्गानारेल'. संशयी नवऱ्याचं काम तो स्वतःच करायचा. त्याच्या हयातीत त्याच्या नाटकांपैकी सगळ्यात जास्त प्रयोग त्याच नाटकाचे झाले. इतकं चाललं, की एका पठ्ठ्याने पुन्हा पुन्हा प्रयोगाला बसून ते पाठ केलं आणि मोलिएरला न विचारता छापून टाकलं. नाट्यगृहात मांडीवर मोबाइल लपवून रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा मूळपुरुष तो. पुढे १७६१ साली लंडनला आर्थर मर्फी नावाच्या आयरिश गृहस्थाने त्याच गोष्टीचं पाच अंकी इंग्रजी नाटक केलं, 'ऑल इन द राँग'. हा मर्फी वकीलही होता आणि नटही. एका अंकाचे पाच कसे झाले याचा खुलासा त्यातच आहे. ते इंग्रजी नाटक देवलांच्या हाती आलं आणि १८९३ साली मराठीत गद्य प्रहसन झालं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मग त्यात पदं घातली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले. प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी २०१३ मध्ये ते पुन्हा आणलं तेव्हा आपण सगळे गेलो होतो; मध्यंतरात नाना वडा खाता खाता "भादव्या आमच्या वेळी जास्त रंगायचा" असं म्हणाले होते, ते आमच्या ओळीतल्या सर्वांनी ऐकलं.

पॅरिस ते पुणे, व्हाया लंडन. तरी त्यात कुठे परका वास येतो का? देवलांनी पंचांग उघडून पात्रं बसवली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, बायकांत कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. एवढ्यावर थांबले असते तर नुसतं बारसं झालं असतं. खरी अक्कल पुढे आहे. मोलिएरची नायिका चांगल्या घरातली मुलगी. ती रस्त्यात चक्कर येऊन पडते, हातातली प्रियकराची तसबीर गळते, शेजारचा नवरा तिला सावरतो आणि त्याची बायको ते वरून बघते. आता १८९३ च्या पुण्यात घरंदाज मुलगी एकटी, हातात परपुरुषाची तसबीर घेऊन, भर रस्त्यात कशी उभी करणार? प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केली. तिला रस्त्यावर येता येतं, प्रेम करता येतं, गाताही येतं. आणि अश्विनशेठने तिच्यावर संशय घ्यायला आयती जागा मिळते. एक गाठ सोडवली आणि चार कामं झाली. 'आधारित' असं छापून भाषांतर खपवणाऱ्यांनी हे वहीत उतरवून घ्यावं.

शनिवारी मी दोन्ही बॅच पहिल्यांदा एकत्र बसवल्या. शीळफाट्याची मुलं मी सोपं करून दिलेलं फ्रेंच वाचणार, माँट्रियलची मुलं मर्फीचं इंग्रजी. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. फ्रेंच शाळेतली इथली मुलं शीळफाट्याचे उच्चार ऐकून गालात हसत होती, शीळफाट्याची मुलं इथल्यांचं इंग्रजी ऐकून उघड हसत होती, आणि नाटकाला कोणीच हसत नव्हतं. मी म्हटलं, पुस्तकं मिटा. तसबीर नाही, मोबाइल आहे. पॅरिस नाही, शीळफाट्याचा चौक आहे. मे महिना, दुपारचे दोन, मेट्रोच्या खांबाशेजारी रिक्षांच्या गर्दीत एक मुलगी चक्कर येऊन पडते. सोसायटीतले एक काका धावतात, तिला धरतात. काकू बाल्कनीत वाळवण उलटत असतात.

बस्स. पुढे मला काही करावं लागलं नाही. "काकू फोटो काढणार!" "ग्रुपवर टाकणार!" "नाही, काकू टाकणार नाहीत, आधी माहेरी पाठवतील." एक मुलगा म्हणाला, "काकू खाली येऊन तोच मोबाइल उचलून घरी आणतात, काकांना त्यांच्या हातात दिसतो, आणि वॉलपेपरवर वेगळाच माणूस." म्हणजे दुसरा घोटाळा त्याने स्वतःच लावला, न वाचता! इथली एक मुलगी, जी एरवी कॅमेरा बंद ठेवते, कॅमेरा लावून म्हणाली, "पण मग ते एकमेकांना विचारत का नाहीत?"

नाना, मार्गदर्शकांमध्ये छापलेलं असतं की हे नाटक मत्सराचं चित्रण आहे. कसला मत्सर? हे नाटक न विचारण्याचं आहे. फाल्गुनरावाने कृत्तिकेला एकदा समोर बसवून "ही तसबीर कुठली?" म्हणून नीट विचारलं असतं तर पडदा पहिल्या अंकातच पडला असता. पण त्याला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. तिलाही. कपाटं उघडतील, नोकरांना फितवतील, दाराआड उभे राहतील, पण विचारणार नाहीत. मोलिएरकडे शेवटी हा गुंता सोडवते कोण, तर मोलकरीण. ती सगळ्यांना उभं करते आणि एकेकाला विचारते: तू काय पाहिलंस, तुला तसबीर कोणी दिली? पाच मिनिटांत खेळ खलास.

यावर शीळफाट्याच्या आयसीएसईवाल्या मुलाने जे विचारलं, त्यासाठी मी त्याची एका महिन्याची फी माफ करणार होते. (केली नाही.) त्याच्या मोठ्या बहिणीला कॉलेजात 'ऑथेल्लो' आहे, त्याने गोष्ट ऐकलेली. तो म्हणाला, "मॅडम, तिथे पण असंच आहे ना? तसबिरीच्या जागी रुमाल. मग ऑथेल्लोच्या घरी कामवाली नव्हती का?"

मी दोन मिनिटं गप्प. कारण होती. एमिलिया. तिनेच तो रुमाल उचलला, नवऱ्याला दिला, त्याचं पुढे काय झालं हे पाहूनही तोंड उघडलं नाही. आणि उघडलं तेव्हा मालकीण मेलेली होती. मोलिएरची मोलकरीण वेळेवर बोलते म्हणून प्रेक्षक हसत घरी जातात. एवढाच फरक. आणि देवलांकडे बघा: १८९० साली त्यांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' केलं आणि तीन वर्षांनी फाल्गुनराव. एकाच माणसाने संशयाचे दोन्ही पदार्थ केले, आधी कडू, मग गोड. सगळे प्राध्यापक शोकांतिका आणि सुखांतिका यांच्या व्याख्या लिहायला लावतात. माझ्या वर्गात यापुढे एकच प्रश्न: कामवाली कधी बोलली?

हा वर्ग दिवाणखान्यात चालू असताना तुमचे चिरंजीव स्वयंपाकघरात चहा करत होते. संपल्यावर बाहेर येऊन म्हणाले, "मॅक्बेथमध्येही घोटाळा पत्रामुळेच होतो ना? तो बायकोला चेटकिणींचं सगळं कळवतो आणि मग ती मनावर घेते." तेव्हापासून मी कागद-पेन घेऊन बसले की ते येऊन मागे उभे राहतात. आताही आहेत. म्हणतात, माझा नमस्कार लिही.

नातवाची बातमी राहिली. त्याच्या शाळेत 'लावार' करताहेत, मोलिएरचा कंजूष. तुम्हाला ते अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मुळे माहीत आहे; तिथला पंपूशेट तो इथला आर्पागों. १९५१ साली माँट्रियलमध्ये 'नवं जग' नावाची नाटकमंडळी निघाली, अजून जोरात आहे, तिने नारळ फोडला तो याच नाटकाने. (नारळ मी फोडला. इथे फोडत नाहीत.) नातवाला आर्पागों मिळाला नाही, मेत्र झाक मिळाला: एकच नोकर, स्वयंपाकीही आणि गाडीवानही. मालकाने हाक मारली की तो आधी विचारतो, यातल्या कोणाला बोलावलंत, आणि त्याप्रमाणे अंगरखा बदलून उभा राहतो. नातू म्हणाला, "सोपं आहे, बाबा शनिवार-रविवार हेच करतात." तिसऱ्या अंकात आर्पागों जेवणाचा बेत सांगतो: माणसं आठ-दहा येतील, पण स्वयंपाक आठांचाच करा, आठांचं दहांना पुरतं. हे वाक्य ऐकून मी थक्क झाले. इथल्या गणपतीत प्रसादाच्या जेवणाचा हिशोब ठेवणारे एक काका आहेत. त्यांनी मोलिएर वाचलेला असणं शक्यच नाही. आणि तो चोरीचा प्रवेश! पुरलेली पैशांची पेटी गेली म्हणून म्हातारा वेडा होतो, चोर धरला म्हणून ओरडतो आणि बघतो तर स्वतःचाच दंड पकडलेला. मग प्रेक्षकांकडे वळून विचारतो, चोर तुमच्यात तर नाही ना? तालमीला पालक बसले होते, निम्म्यांनी खाली बघितलं.

इथे, म्हणजे फ्रेंच रीतीने, पडदा वर जाण्याआधी रंगमंचावर काठीने तीनदा ठोकतात. आपली तिसरी घंटा तशी यांचा तिसरा ठोका. ते ठोके ऐकले की मला हटकून काटई नाका आठवतो, कारण आयुष्यातल्या बहुतेक तिसऱ्या घंटा मी तिथे गाडीत बसून चुकवल्या आहेत. नाना, कधी नकाशा बघून विचार केलात? आपल्या फाट्यावरून जे रस्ते फुटतात, त्यातल्या प्रत्येकाच्या टोकाला नाट्यगृह आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर, त्याच वाटेवर आत वळलं की डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले. मुंब्र्याकडून ठाण्याला गडकरी. महापे उतरून वाशीला विष्णुदास भावे. पनवेलला वासुदेव बळवंत फडके. एवढ्या नाट्यगृहांच्या बरोबर मध्यभागी राहणारा माणूस जगात दुसरा नसेल, आणि यातल्या कुठल्याही एका ठिकाणी वेळेवर पोचणाराही नसेल. आता म्हणे बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा बीकेसीहून निघून, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जाऊन, शीळफाट्याला बाहेर येणार. जमिनीखालून शीळफाट्याची सोय झाली, फार आनंद आहे. वरून कधी होणार तेवढं कळवा.

म्हणून ठरवलंय की मुलांना नाटकाला नेण्याऐवजी नाटकच मुलांकडे आणायचं. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, तुमच्या साडेसहाला, तीन भाषांत एकच प्रवेश: तसबीर सापडते तो. शीळफाट्याची मुलं मोलिएर वाचतील, माँट्रियलची मर्फी, आणि देवल तुम्ही. हो, तुम्हीच. फाल्गुनराव करा. मुलं तुमच्याच हॉलमध्ये येतील, चटया माळ्यावर आहेत, लॅपटॉप तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा. रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, नाहीतर संवादांपेक्षा कंटेनर जास्त बोलतील. टोपी घाला, उपरणं नको. मागच्या वेळी उपरण्यात पाय अडकला होता. वाक्यं पाठ नसतील तर वाचून चालेल, पण भादव्याची वाक्यं फाल्गुनरावाच्या तोंडी येऊ देऊ नका. चाळीस वर्षांची सवय असली तरी.

मोलिएरच्या त्या मोलकरणीचं काम मराठीत माईंनी करावं असं माझ्या मनात आहे. चारच वाक्यं आहेत, चारही प्रश्न आहेत. माईंचा त्यातला अनुभव दांडगा आहे, हे वाचताना त्या थांबल्या असतील तर नानांनी पुढे वाचावं.

पापड मिळाले. कुरडयांचा चुरा झाला, पण चवीला छान. नातीची सर्दी बरी आहे. थंडी सुरू झाली की फोटो पाठवीन, आत्ता पाठवण्यासारखं काही नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी सून

ता. क. : फी किती ते लिहायचं राहिलं असं नाना म्हणतील. राहिलेलं नाही.